दिसलं नाही म्हणणारे डॉक्टरसाहेब

घर बघायला आलो तेव्हा माझ्या नवऱ्यानं घरमालकांना, म्हणजे डॉक्टरसाहेबांना, पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. आमच्या शहरात भाड्यानं घर घेणारा कुणीही आधी तेच विचारतो.

"पाण्याचा काही त्रास नाही ना?"

"अजून दिसला नाही," ते म्हणाले.

आम्हाला उत्तर आवडलं आणि आम्ही राहायला आलो. मग कळलं, की नळाची वाट बघणं, मोटार लावणं, टँकरवाल्याशी भांडणं हे सगळं त्यांच्या बायकोकडं होतं. त्यांना आम्ही खाला, म्हणजे मावशी म्हणायचो. टाकी घराच्या कोणत्या बाजूला आहे हेही डॉक्टरसाहेबांना माहीत नव्हतं. त्रास त्यांना दिसला नव्हता, हे अगदी खरं होतं.

ते निवृत्त पॅथॉलॉजिस्ट. माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यात काय आहे ते सांगायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. आधी सरकारी कॉलेजात शिकवलं, नंतर एका लॅबमध्ये बसले, आणि शेवटी पडेगावात हे दुमजली घर बांधून खाली स्वतः राहिले, वर आम्हाला ठेवलं. काम सुटलं, पण कामाची भाषा सुटली नाही. ‘आहे’ आणि ‘नाही’ हे शब्द त्यांच्या तोंडून निघत नसत. ‘दिसलं’ आणि ‘दिसलं नाही’, बास. खाला स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अजी, नमक खतम हुआ क्या, देखो जरा." हे कपाटासमोर उभं राहून सांगायचे, "सामने की लाइन में नहीं दिखा."

"तो पीछे देखो ना!"

"पीछे का अलग से बोलना था."

खाला मला म्हणायच्या, "इनकू पूछके क्या फायदा, बेटा? इनो तो आंख के सामने का भी पक्का नै बोलते."

आमच्या गल्लीतले एक गृहस्थ मुलीसाठी स्थळ बघत होते. मुलगा डॉक्टरसाहेबांच्या जुन्या लॅबमध्ये कामाला होता, म्हणून ते चौकशीला आले. डॉक्टरसाहेबांनी बराच विचार करून सांगितलं, "मी त्याला फक्त कामाच्या वेळेत बघितलं. तेवढ्या वेळात वाईट काही दिसलं नाही." गृहस्थ समजायचं ते समजले आणि त्यांनी स्थळ सोडून दिलं. डॉक्टरसाहेबांना फार लागलं ते. त्यांच्या मते त्यांनी मुलाची तोंडभरून तारीफ केली होती.

बोटांचंही तसंच. हिवाळ्यात ते अंगणात उन्हाला खुर्ची टाकून बसत आणि खाला मांडीवर तुरीच्या डाळीचं ताट ठेवून जात. ते डोळे मिटून घेत. डाळीवरून बोटं अशी फिरवत, की जणू कुणाच्या तरी पाठीवरून हात फिरवताहेत. मध्येच थांबत आणि खडा काढून ताटाच्या काठावर ठेवत. मी एकदा विचारलं, डोळे उघडून का नाही निवडत? म्हणाले, "चरबीत गाठी शोधताना डोळ्याचा उपयोग नसतो, टीचरबाई. चरबी पिवळी, गाठ पण पिवळट. बोटालाच कळते."

मला टीचरबाई म्हणायचे. मी शाळेत गणित शिकवते, दहावीपर्यंत.

डबलरोटी आणली की तिचे आणखी पातळ काप करायचे आणि प्रत्येक काप उजेडाकडं धरून बघायचे. जेवणाच्या टेबलावर एका टोकाला त्यांचा सूक्ष्मदर्शक कायमचा मांडलेला. त्यावर खालांच्या जुन्या ओढणीतून शिवलेली खोळ. पाहुणे आले की त्यांना वाटायचं खोळीखाली शिलाई मशीन आहे.

आता ते नाहीत. गेल्या हिवाळ्यात गेले. खाला मुलाकडं हैदराबादला राहतात. डॉक्टरसाहेब कसे होते हे कुणाला सांगायला बसले, की चार गमती सांगून झाल्यावर मला माझ्या पोटापाशी यावंच लागतं. तिथं आल्यावर मात्र ते कसे होते ते मला नीट सांगता येत नाही.

झालं असं, की माझं पोट दुखायचं. फार नाही. शाळेतल्या सगळ्याच बायांचं दुखतं तसं. डबा वेळेवर खाल्ला जात नाही, चहा जास्त होतो, गोळी घेतली की बरं वाटतं. पण त्या वर्षी जिना चढताना दम लागायला लागला. रक्त तपासलं तर कमी निघालं. उस्मानपुऱ्यातल्या एका पोटाच्या डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घातली आणि जठरात आत एक लालसर, जराशी खचलेली जागा दिसली. तिचा तुकडा तपासायला गेला. कॅन्सर निघाला.

"पण अगदी सुरुवातीचा," डॉक्टर घाईघाईनं म्हणाले. "नशीबवान आहात. इतक्या लवकर कुणाचा सापडत नाही."

नशीबवान म्हणवून घ्यायची ही तऱ्हा मला नवीन होती. त्यांनी दुर्बिणीतूनच तो भाग सोलून काढला. टाके नाहीत, काही नाही. मी घरी येऊन मऊ भात खाल्ला आणि नवऱ्याला म्हटलं, संपलं एकदाचं.

संपलं नव्हतं. काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला. त्यात लिहिलं होतं, की कडा स्वच्छ आहेत, रक्तवाहिन्यांत काही आढळलं नाही, पण कॅन्सर जठराच्या आतल्या अस्तराच्या खाली किंचित उतरला आहे. त्या ‘किंचित’वरून सगळं अडलं. जठराभोवतीच्या चरबीत प्रत्येकाच्या बारीक बारीक गाठी असतात, मुगाएवढ्या, हरभऱ्याएवढ्या. त्यांना लिम्फ नोड म्हणतात. हा कॅन्सर घर सोडून निघाला तर बहुतेक वेळा पहिला मुक्काम त्या गाठींत करतो. अस्तरातच असेल तर सहसा निघत नाही. खाली उतरला असेल तर कधी निघतो, कधी नाही. माझा निघाला होता की नाही? स्कॅनमध्ये गाठी ठीक दिसत होत्या, पण अगदी थोड्या पेशी असतील तर स्कॅनला कळत नाही.

पोटाचे डॉक्टर म्हणाले, "शक्यता कमी आहे. लक्ष ठेवू, दुर्बीण करत राहू."

सर्जन म्हणाले, "शक्यता कमी आहे, पण आहे. जठराचा खालचा भाग आणि गाठी काढून टाकू. मोकळं व्हाल."

दोघंही भले. दोघांच्याही बोलण्यात ‘शक्यता कमी आहे’ हे शब्द होते, आणि एक जण म्हणत होता पोट ठेवा, दुसरा म्हणत होता काढा. मी वर्षानुवर्षं दहावीला संभाव्यता शिकवत आले. पिशवीत इतके लाल चेंडू, इतके पांढरे, तर लाल येण्याची संभाव्यता किती? मुलं पटापट सांगतात. पण चेंडू एकदाच काढायचा आहे आणि पिशवी आपणच आहोत, असं गणित पुस्तकात नव्हतं.

मी खाली गेले. डॉक्टरसाहेबांना रिपोर्ट दाखवला आणि विचारलं, काय करू?

त्यांनी तो दोन-तीनदा वाचला. "‘आढळलं नाही’ असं लिहिलंय," ते म्हणाले. "किती कापांत आढळलं नाही ते लिहिलं नाही. ब्लॉक मागवा."

ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तो मूळ तुकडा. त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप करतात आणि काचेवर लावतात. नवऱ्यानं लॅबमधून तो आणि काचा आणल्या. डॉक्टरसाहेबांनी आपल्या जुन्या विद्यार्थ्याच्या लॅबमध्ये पाठवून आणखी काप करून घेतले आणि खोळ काढून टेबलाशी बसले. खाला ताट वाढायच्या, ते ताट सरकवून काच लावायचे. एक आठवडा मी शाळेतून येताना त्यांच्या खिडकीकडं बघत वर जायची. त्यांची पाठ दिसायची.

मग एका संध्याकाळी त्यांनी हाक मारली. "टीचरबाई, एक दिसलं."

"काय?"

"ते कळलं नाही."

त्यांच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. खालांनीही नसावं, कारण त्या पोळी लाटायच्या थांबल्या.

त्यांनी मला बघायला बसवलं. मला गुलाबी-जांभळ्या छापाचं कापड दिसलं. "मध्ये बारीक चीर आहे, बघा. चिरीत पाच-सहा पेशी. ही चीर जर रक्तवाहिनी किंवा त्या गाठींकडं जाणारी लसवाहिनी असेल, तर त्या प्रवासाला निघाल्या. आणि तुकडा औषधात आकसल्यामुळं पडलेली नुसती फट असेल, तर कुठंच निघाल्या नाहीत. घरातच आहेत."

"मग कोणती आहे?"

"दोन्ही वाटते," ते म्हणाले. "सकाळी वाहिनी वाटली. जेवल्यावर फट वाटली."

त्यांनी फोटो दोन जुन्या विद्यार्थ्यांना पाठवले. एकानं कळवलं, वाहिनी. दुसरी म्हणाली, "सर, तुम्हीच आम्हाला शिकवलंत की अशा फटीला फसू नका." वाहिनीचं अस्तर तेवढं रंगवून दाखवणारी एक खास तपासणी असते, ती करायला पुढचे काप घेतले. त्या कापांत चीरच नव्हती. इतकी लहान होती, की त्या एकाच पापुद्र्यात येऊन संपली होती.

डॉक्टरसाहेब त्या दिवसापासून डाळ निवडायला बसले नाहीत. ताट तसंच पडून राहायचं.

सर्जननं भेटायला बोलावलं तेव्हा डॉक्टरसाहेब म्हणाले, मी येतो. टाय लावून आले. गाडीत नवऱ्याशेजारी बसले. दवाखान्यात बाकावर पेशंटच्या नातेवाइकांत बसायला जागा मिळाली नाही, तेव्हा भिंतीला टेकून उभे राहिले. आत गेल्यावर सर्जननं लॅपटॉप आमच्याकडं वळवला. त्यात वय, बाई की पुरुष, डागाचा आकार, किती खोल, पेशी कशा, हे भरलं की गाठींत कॅन्सर असण्याची शक्यता आकड्यात येते. आमच्यासमोर भरलं. एक आकडा आला. तो मी सांगणार नाही, कारण तो माझ्या पोटाचा होता, दुसऱ्या कुणी तो स्वतःला लावून बघू नये. पण लहान होता. नवऱ्यानं मोठा श्वास सोडला.

"आता वाहिनीत शिरलाय असं धरलं तर," असं म्हणून सर्जननं एका चौकोनात खूण केली. आकडा एकदम वर गेला. खूण काढली, खाली आला. पुन्हा केली, वर गेला.

मी पडद्याकडं बघत होते. माझ्या पोटात त्या मिनिटात काहीच हललं नव्हतं.

डॉक्टरसाहेबांनी विचारलं, "ही खूण कुणाच्या डोळ्यानं करायची?"

"सर, तुमच्या," सर्जन नम्रपणे म्हणाले. ते खरंच नम्र होते. "तुम्ही सांगा. वाहिनी आहे का?"

डॉक्टरसाहेब टायची गाठ चाचपत राहिले. मग म्हणाले, "अर्धी खूण करता येते का?"

सर्जनना वाटलं ते गंमत करताहेत. ते हसले. डॉक्टरसाहेब हसले नाहीत.

घरी आल्यावर मी जिन्यातच भांडले त्यांच्याशी. कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते, पण त्या दिवशी सगळ्या गल्लीला ऐकू गेलं असेल. म्हटलं, "पहिला रिपोर्ट चांगला होता. मी झोपत होते. तुम्हाला कुणी सांगितलं होतं आणखी काप करायला? आणि केलेत, तर मग सांगा ना काय आहे ते! अर्धवट बघून ठेवलंत आणि आता मी काय करू?"

ते खालच्या पायरीवर उभे होते. "हौ," म्हणाले. "मी पण तेच विचारतोय."

"कुणाला विचारताय?"

त्यांनी इकडं तिकडं पाहिलं, जणू कुणी असेल तर सांगावं. खालांनी त्यांना हाताला धरून आत नेलं. दार बंद झालं. मला रडू आलं आणि त्यांची कीवही आली, आणि कीव आली म्हणून पुन्हा राग आला.

पुढचे दिवस कसे गेले ते मला सलग आठवत नाही. सकाळी ठरायचं, नको ऑपरेशन. शाळेत मधल्या सुट्टीत ठरायचं, करून टाकू. नवरा वाळूजच्या कंपनीतून येऊन माझ्याकडं बघायचा आणि माझं काय चाललंय ते ओळखून चहा टाकायचा. सोयगावहून आई आली. तिला आधी पटेचना. "पोट काढत्यात व्हय कुठं? मग जेवशील कशात?" मी समजावून सांगितलं, की थोडं राहतं. दोन दिवस ती माझं सकाळचं एक, दुपारचं एक ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "काढ नायतर ठेव. पण मला रोज इचारू नको. लई जिवाला लागतंय."

शेवटी मी हो म्हटलं, ते कुठल्या हिशेबानं नव्हे. माझी मुलगी शाळेतून आली की दप्तर खाली ठेवायच्या आधी विचारायची, "आई, आज काय ठरलं?" एके दिवशी तिनं विचारलं आणि मला त्या प्रश्नाचा इतका कंटाळा आला, की म्हटलं, "करायचं ठरलं." ती बरं म्हणाली आणि हातपाय धुवायला गेली. मी सर्जनला फोन केला. गणिताच्या बाईनं असा निर्णय घेतला हे कुणाला सांगायची लाज वाटते, पण झालं ते असं.

ऑपरेशन झालं. मी शुद्धीवर येत होते तेव्हा डॉक्टरसाहेब दवाखान्यात नव्हते. ते लॅबमध्ये होते. जठराचा काढलेला भाग आणि त्याभोवतीची चरबी तिथं गेली होती, आणि त्यांनी विद्यार्थ्याला फोन करून सांगितलं होतं, गाठी मी शोधणार. नवरा मला नंतर सांगत होता. सगळी दुपार ते स्टुलावर बसून होते, हातमोजे घालून, डोळे मिटून. लॅबच्या लोकांनी शोधून संपवलेल्या चरबीतही त्यांना आणखी गाठी सापडल्या. तिळाएवढ्यासुद्धा. प्रत्येक गाठ काचेवर गेली, प्रत्येक त्यांनी स्वतः पाहिली.

तीन दिवसांनी ते वॉर्डात आले. माझ्या नाकात अजून नळी होती. ते खाटेच्या पायाशी उभे राहिले आणि म्हणाले, "सगळ्या गाठी साफ आहेत."

माझा भाऊ पेढे आणायला धावला. नातेवाईक म्हणाले, देवाची कृपा. आईनं कडाकडा बोटं मोडली. मला पेढ्याचा वास आला, पण खाता येणार नव्हता, आणि माझ्या डोक्यात एकच विचार घोळत होता. सगळे पांगल्यावर मी त्यांना विचारलं, "म्हणजे ऑपरेशनची गरज नव्हती?"

"हे ऑपरेशनशिवाय कळलं नसतं, टीचरबाई."

"पण नुसतं कळायला पोट काढायचं असतं का?"

ते सलाइनच्या बाटलीकडं बघत राहिले. थेंब पडत होते. मी दमून डोळे मिटले. उघडले तेव्हा ते गेले होते.

मी वाचले की मला कधी धोकाच नव्हता, हे आजही कुणी सांगू शकत नाही. ती चीर वाहिनी असेल, आणि तरीही पेशी गाठीपर्यंत पोचल्या नसतील. किंवा नुसती फट असेल. पोटाचे डॉक्टर भेटले की म्हणतात, "छान झालं." सर्जन भेटले की तेही म्हणतात, "छान झालं." मी दोघांनाही हो म्हणते.

घरी आल्यावर खाणं हीच शिक्षा झाली. थोडं थोडं, दिवसातून कितीदा तरी. गोड जरा जास्त झालं की घाम फुटून छाती धडधडायची. भूक नावाची गोष्ट तर उरलीच नव्हती. आई गावी परतली, नवरा कामावर, मुलगी शाळेत. तेव्हा डॉक्टरसाहेब वर येऊ लागले. खालांनी दिलेली छोटी ताटली घेऊन, जिन्याला धरून धरून. मऊ खिचडी, कधी कलियातला मटणाचा एखादा अगदी शिजलेला तुकडा आणि रस्सा. ताटली माझ्यापुढं ठेवायचे आणि समोरच्या खुर्चीत बसायचे. मी दोन घास खाऊन ठेवून द्यायची. ते उठायचे नाहीत. आणि बघत राहायचे, अगदी तोंडाकडं, चावण्याकडं, गिळण्याकडं. मला संकोच व्हायचा.

एकदा मी म्हटलं, "असं काय बघता?"

ते ओशाळले. "आयुष्यभर तुकडेच बघितले," म्हणाले. "तुकडा कुणाचा, तो पुढं काय खातो, कसा बसतो, हे कधी बघितलं नाही. सवय नाही मला."

त्यांच्यावरचा राग गेला होता की नाही, मला ठाऊक नव्हतं. ते येणार असले की मी केस नीट करून बसायची. आणि ते आले की त्यांना काहीतरी टोचून बोलावंसं वाटायचं.

एका दुपारी मी तसंच बोलले. खिचडी चिवडत विचारलं, "डॉक्टरसाहेब, खरं सांगा. तुमचं स्वतःचं पोट असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

मला वाटलं, ते आता काप, काच, चीर, असं काही सुरू करतील. पण ते लगेच बोलले.

"माझं? मी पळून गेलो असतो."

"म्हणजे?"

"दाढ काढायची होती ना, तेव्हा डॉक्टरच्या खुर्चीतून उठून बाथरूमला जातो म्हणालो आणि थेट स्टँडवर गेलो. हैदराबादला मुलाच्या घरी जाऊन बसलो. विचारा हिला. अजून ती दाढ आहे," असं म्हणून त्यांनी तोंड उघडून बोटानं दाखवली. काळी, किडलेली. "ऑपरेशन मी कुणाच्या बापाला करू दिलं नसतं. मला फार भीती वाटते."

माझ्या जठराचा प्रत्येक काप बघणारा, माझ्या चरबीतली तिळाएवढी गाठ न सोडणारा हा माणूस माझ्यासमोर तोंड उघडून बसला होता. ताटली उचलून फेकावी असं वाटलं. मग हसू आलं, इतकं, की टाक्यांवर हात दाबून धरावा लागला. तेही हसायला लागले, जरा घाबरत घाबरत, कारण मी कशाला हसतेय ते त्यांना कळलं नव्हतं. मलाही नीट कळलं नव्हतं. हसता हसता मी चमचा उचलला आणि खायला लागले, भराभर, कुणाशी तरी पैज लावल्यासारखी.

ऑपरेशननंतर त्या दिवशी मी पहिल्यांदा ताटली पुरी संपवली. ते भुकेनं की रागानं, एवढं मात्र अजून सांगता येत नाही.